पिसवा कुत्र्याच्या कीं घराच्या?

घरांतील कुत्र्यामांजरांच्या अंगावरील पिसवा आणि त्यांच्या पोटांतील जंत हा मासिकांत लिहावयाचा विषय नव्हे, असें पुष्कळ वाचकभगिनींना प्रथमदर्शनीं वाटेल. लिहावयाचें तर मुलांच्या शिक्षणाविषयीं लिहावें, आहाराविषयीं लिहावें; पिसवांविषयीं काय लिहावयाचें आहे? परंतु ज्या जमिनीवर घरांतील लहान मूल रांगतें त्याच जमिनीवर घरचें मांजर अंग पसरून निजतें, आणि ज्या अंगणांत मुलें मातींत खेळतात त्याच अंगणांत घरचा कुत्रा फिरतो; तेव्हां हा विषय मुलांच्या आहाराइतकाच घरचा आहे. शिवाय त्यांत एक विशेष असा आहे कीं, एकट्यादुकट्याच्या हुशारीनें हें काम साधत नाहीं. ही पीडा कुत्र्याची नसून घराची असते, आणि म्हणून घरांतील सर्वांनीं मिळून, एकाच वेळीं, उपाय केला तरच ती जाते. ही गोष्ट आमच्या घरांत ज्या रीतीनें सर्वांच्या ध्यानांत आली ती येथें सांगण्याचें योजिलें आहे.

आमचें घर चिपळुणापासून थोडें दूर, खाडीकांठच्या गांवीं आहे. बहुतेक खोल्यांत आतां फरशी झाली आहे. पडवी तेवढी अजून मातीची, शेणानें सारवलेली. माणसें तेरा. त्यांखेरीज वाघ्या नांवाचा कुत्रा आणि मनी व तिची लेक अशीं दोन मांजरें. वाघ्याची हद्द पडवीपर्यंत. उंबरठा ओलांडावयाचा नाहीं, हें त्याला सासूबाईंनीं तो पिलूं असतांनाच शिकविलें. मांजरांना मात्र हद्द नाहीं. दुपारीं तीं माजघरांत गोधड्यांच्या घडीवर आणि रात्रीं मुलांच्या पायथ्याशीं. कुत्रा बाहेरचा आणि मांजर घरचें, हा भेद आपण माणसांनीं केलेला. पिसवा तो पाळीत नाहींत. शास्त्रज्ञ जिला 'मांजराची पिसू' म्हणतात, ती कुत्र्याच्याहि अंगावर तितक्याच सुखानें नांदते, आणि एकाच्या अंथरुणांतून दुसऱ्याच्या अंगावर जावयास तिला कोणाची परवानगी लागत नाहीं.

एका श्रावणांत मुलांच्या घोट्यांवर तांबडे ठिपके उठूं लागले. पावसाळ्याचे दिवस, तेव्हां डासांवर आळ आला. पुढें भाद्रपदांत माझ्या धाकट्या जावेच्या अडीच वर्षांच्या मुलीच्या कपड्यांत तांदळाच्या दाण्याएवढे पांढुरके तुकडे दिसले, आणि ते हलत होते. मुलांना जंत होणें ही कांहीं अपूर्व गोष्ट नव्हे. वावडिंगाचा काढा झाला. अंगणवाडींत मिळणारी जंतांची गोळी तर तिनें पूर्वींच घेतली होती. तरी तुकडे पडतच राहिले. तालुक्याच्या डॉक्टरांनीं ते बाटलींत घालून आणावयास सांगितलें, भिंगाखालीं पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "घरांत कुत्रें किंवा मांजर आहे का?"

ते तुकडे कुत्र्यामांजरांच्या पट्टकृमीचे होते. हा कृमि फितीसारखा लांब असतो आणि त्याच्या टोकाचे पिकलेले तुकडे, काकडीच्या बियांसारखे, एकेक करून गळून पडतात. वाळले म्हणजे ते तांदळाच्या कणीसारखे दिसतात. मुलांना नेहमीं होणारे सुतासारखे जंत निराळे व हे निराळे. एकाचें औषध दुसऱ्यास लागूं पडेलच असें नाहीं. डॉक्टरांनीं मुलीचें वजन पाहून औषधाची एकच मात्रा दिली आणि ती बरी झाली. "हा रोग मुलांना सहसा फार त्रास देत नाहीं," असेंहि त्यांनीं सांगितलें. परंतु ज्या आईनें तीं वळवळणारीं कणें आपल्या मुलीच्या कपड्यांत पाहिलीं, तिला 'सहसा' या शब्दानें काय समाधान होणार?

त्या रात्रीं ओटीवर जी सभा भरली ती मला अजून आठवते. मामंजींचें मत सरळ होतें. वाघ्याला गाडींत घालून खाडीपलीकडे सोडून यावें. तेथें बाजार आहे, उपाशी मरणार नाहीं. भावजी शहरांतून कुत्र्यांच्या पिसवांवरचा फवारा घेऊन आले होते. त्यांचें म्हणणें, कुत्रा, मांजरें आणि गाद्या सर्वांवर एकदां मारून टाकूं, म्हणजे कटकट मिटली. आमच्या यजमानांनीं १९६० सालच्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याची आठवण दिली. पाळलेलें जनावर उपाशीतापाशी टाकून देणें हा त्या कायद्यानें गुन्हा आहे. सोवळ्याओवळ्याच्या बाबतींत घरांत सर्वांत कडक अशा सासूबाई मात्र वाघ्याच्या बाजूनें बोलल्या. "सात वर्षें त्याला भाकरी घातली आहे. आतां पोर आजारी पडलें म्हणून त्याला घालवावयाचें, तर उद्यां घरांतलें कोणी आजारी पडलें म्हणजे काय करावयाचें?"

यावर धाकटी जाऊ हळूच म्हणाली, "माझ्या मुलीपेक्षां कुत्रा थोर आहे का, एवढें मला कोणीतरी सांगा."

या प्रश्नाला उत्तर नव्हतें. मुलगी आणि कुत्रा यांत निवड करावयाची वेळ आली तर कोणतें घर काय करील, हें सांगावयास नको. सभा तशीच उठली, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं वाघ्याला नेण्याचें जवळजवळ ठरलें.

तें लांबलें याचें कारण इतकेंच कीं, त्या सकाळीं गुरांच्या दवाखान्यांतील डॉक्टर आमच्या गाईला टोचावयास आले. सर्व हकीकत ऐकून ते म्हणाले, "कुत्रा न्यावयाचा तर न्या. पण त्यानें पिसवा जातील असें समजूं नका. उलट त्या तुमच्याच अंगावर येतील." मग त्यांनीं एक बारीक दातांची फणी मागितली, एक पांढरें फडकें ओलें करावयास सांगितलें, आणि मनीच्या पाठीवर शेपटीच्या मुळाशीं चार वेळां फणी फिरवून तिच्यांतली काळी भुकटी फडक्यावर झाडली. क्षणभरांत प्रत्येक काळ्या कणाभोंवतीं तांबूस डाग पसरला. ती साधी धूळ नव्हती. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे मनीचेंच वाळलेलें रक्त होतें. माजघरांतल्या गोधडीवर निजणाऱ्या मनीच्या अंगावर तें सांपडलेलें पाहून सर्वजण कांहीं वेळ गप्प झाले; कारण आदल्या रात्रीं मांजरांना घालवावें असें कोणीच म्हटलें नव्हतें.

त्यांनीं पिसूचा जो जीवनक्रम सांगितला तो असा. आपल्या डोळ्यांना दिसते ती मोठी पिसू. ती जनावराच्या अंगावर राहून रक्त पिते. मादी दिवसाला वीस ते पन्नास अंडीं घालते. हीं अंडीं गुळगुळीत असल्यामुळें केंसांना चिकटून राहत नाहींत. जनावर जेथें बसतें, अंग झाडतें, निजतें, तेथें तीं मोत्यांच्या पुडीसारखीं सांडतात. त्यांतून बारीक अळ्या निघतात. त्यांना उजेड सोसत नाहीं, म्हणून त्या गोधडीच्या शिवणींत, गोणपाटाच्या खालीं, जमिनीच्या भेगांत शिरतात आणि वरून गळणारी तीच रक्ताची भुकटी खाऊन वाढतात. पुढें अळी आपल्याभोंवतीं चिकट कोश विणते. त्यावर धूळ बसते आणि तो कोश धुळीचाच कण वाटूं लागतो. उबदार, दमट हवेंत हा सारा क्रम दोनतीन आठवड्यांत पुरा होतो. म्हणूनच कोंकणांतला पावसाळा म्हणजे पिसवांची सुगी. ढोबळ हिशेब असा सांगतात कीं, एखाद्या घरांत शंभर पिसवा धरल्या तर त्यांतल्या पांचच जनावराच्या अंगावर असतात. उरलेल्या पंचाण्णव अंडीं, अळ्या आणि कोश यांच्या रूपानें घरांत असतात.

आतां जंतांचा संबंध. पट्टकृमीचे तुकडे जनावराच्या विष्ठेबरोबर किंवा आपोआप बाहेर पडतात, वाळून फुटतात, आणि त्यांतलीं अंडीं पिसूची अळी खाते. अळीची पिसू झाली कीं कृमीचा अंकुर तिच्या पोटांत तयार असतो. खाज सुटली म्हणजे कुत्रें दातांनीं अंग कुरतडतें, मांजर जिभेनें चाटतें, आणि तशी एखादी पिसू गिळली जाते. मांजराला कुरवाळून तोच हात तोंडांत घालणाऱ्या मुलाच्याहि पोटांत ती जाऊं शकते. म्हणजे जंत आणि पिसवा या दोन पीडा नसून एकाच दोरीचीं दोन टोकें आहेत. जंताचें औषध दिलें आणि पिसवा तशाच ठेवल्या, तर पुढल्या महिन्यांत जंत पुन्हां हजर.

"मग कुत्रा नेला तर पिसवा आमच्या अंगावर कां येतील?" मामंजींनीं विचारलें. यावर डॉक्टरांनीं जें सांगितलें तें ऐकून आम्हांला प्लेगची आठवण झाली. कोशांतली पिसू वाट पाहूं शकते. तिला जनावराची ऊब, त्याचा श्वास किंवा पावलांचा हादरा कळला नाहीं तर ती कित्येक महिने कोशांत स्वस्थ पडून राहते. घर महिनाभर बंद ठेवून माणसें परत आलीं कीं पहिल्याच पावलाला पिसवा उसळतात त्या याचमुळें. आणि बाहेर आल्यावर आपला नेहमींचा यजमान सांपडला नाहीं तर जो सांपडेल त्याला ती चावते.

१८९६ सालीं मुंबईंत आणि १८९७ सालीं पुण्यांत प्लेगनें जो हाहाकार केला त्याच्या कथा आपल्या घराघरांतून सांगितल्या गेल्या आहेत. उंदीर पडूं लागले कीं माणसें पडूं लागतात, एवढें सर्वांना दिसत होतें. पण उंदरापासून माणसापर्यंत रोग जातो कसा, हें कोणास ठाऊक नव्हतें. पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराच्या ध्यानांत आलें कीं, नुकता मेलेला उंदीर हाताळणें घातक, पण मरून बराच वेळ झालेला उंदीर तितका घातक नाहीं. देह थंड होतांच पिसवा तो सोडून जातात, हें त्याचें कारण. १८९८ सालीं कराचीस त्यानें प्रयोगानें दाखविलें कीं, रोग उंदराकडून उंदराकडे पिसू नेते. त्याचें म्हणणें कित्येक वर्षें कोणी मानलें नाहीं. १९०५ पासून मुंबईस परळच्या प्रयोगशाळेंत झालेल्या संशोधनानें तें पक्कें ठरलें. ती उंदराची पिसू निराळ्या जातीची. कुत्र्यामांजरांची पिसू प्लेग पसरविण्याच्या कामीं फारशी उपयोगी नाहीं, तेव्हां त्या भयाचें कारण नाहीं. परंतु स्वभाव दोघींचा सारखाच. यजमान गेला कीं ती दुसरा शोधते. वाघ्याला खाडीपार केलें असतें तर त्याच्या जागेवरच्या कोशांतून निघालेल्या पिसवांनीं पडवींत खेळणारीं मुलेंच गांठलीं असतीं.

हें ऐकून धाकट्या जावेनें एक अट घातली. "तीन महिने पाहीन. तोंपर्यंत मांजर मुलीच्या अंथरुणाला शिवतां कामा नये. तीन महिन्यांनीं त्या फडक्यावर तांबडा डाग दिसला, तर मात्र मला कोणी अडवूं नये." अट न्याय्य होती. ती सर्वांनीं मान्य केली.

आमच्या यजमानांना संस्कृताचा नाद आहे. त्यांनीं त्या संध्याकाळीं चरकसंहितेचें विमानस्थान काढून दाखविलें. तेथें कृमींच्या चिकित्सेचीं तीन अंगें सांगितलीं आहेत : अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानपरिवर्जन. अपकर्षण म्हणजे असलेले कृमि ओढून बाहेर काढणें; प्रकृतिविघात म्हणजे ज्या स्थितींत ते वाढतात ती स्थितीच मोडणें; निदानपरिवर्जन म्हणजे ज्या कारणानें ते होतात तें कारण टाळणें. चरकानें हें माणसाच्या रोगांविषयीं लिहिलें. कुत्र्याच्या पिसवांविषयीं नव्हे. परंतु कामाची वांटणी करावयास हीं तीन नांवें आम्हांला फार सोयीचीं पडलीं.

पहिलें अपकर्षण. येथें नियम असा कीं, घरांतील सर्व जनावरांना एकाच दिवशीं औषध द्यावयाचें. एकाला आज आणि दुसऱ्याला पुढल्या आठवड्यांत, असें केल्यास पिसवा इकडून तिकडे जाऊन बसतात. पिसवांचें औषध मानेच्या मागें, दोन खांद्यांमध्यें, केंस बाजूला करून कातडीवर घालतात, कारण तेथें जीभ पोहोंचत नाहीं. फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असलेलीं अशीं औषधें मिळतात. कुत्र्यांसाठीं पोटांत द्यावयाच्या गोळ्याहि निघाल्या आहेत. कोणतें द्यावें हें पशुवैद्यानें जनावराची जात, वय आणि वजन पाहून सांगावें. मांजराचें वजन करणें सोपें आहे : त्याला घेऊन काट्यावर उभें राहावें आणि त्यांतून आपलें वजन वजा करावें. अगदीं लहान पिलांना औषध न लावतां फणीनें विंचरावें आणि फणींतल्या पिसवा साबणाच्या पाण्यांत बुडवाव्यात.

भावजींनीं आणलेला फवारा डॉक्टरांनीं हातांत घेतला, त्यावरील बारीक अक्षरें वाचलीं आणि तो बाजूला ठेवला. त्यांत परमेथ्रिन होतें. कुत्र्याला तें सोसतें. मांजराला तें विष आहे. हें द्रव्य पचवून बाहेर टाकण्याची शक्ति मांजराच्या यकृतांत फार थोडी असते. अंगाला थरकांप सुटतो, आंचके येतात आणि पुष्कळदां प्राण जातो. कुत्र्याला लावलें असलें तरी तें वाळेपर्यंत मांजराला त्याच्याजवळ बसूं देऊं नये. हाच न्याय घरगुती उपायांना लावावा. आमच्याच आळींत एका घरीं पिसवा घालविण्यासाठीं मांजराला रॉकेल चोळलें होतें. मांजरानें तें चाटलें आणि दोन दिवसांत तें दगावलें. मांजराच्या अंगाला जें जें लावावें तें तें त्याच्या पोटांत जातें, हें विसरूं नये. फिनेल, डांबराच्या गोळ्या, कापूर हे सर्व त्याला घातक. जंतांवर लसूण चारण्याची रीत कोठें कोठें आहे. पण लसूण आणि कांदा यांनीं कुत्र्यामांजरांच्या रक्तांतल्या तांबड्या पेशी फुटतात. माणसाच्या बाळाला जें मानवतें तें मांजराच्या पिलाला मानवेलच असें नाहीं.

जंतांच्या औषधांतहि भेद आहे. पट्टकृमीवर प्राझिक्वांटेल, गोलकृमि व अंकुशकृमि यांवर पायरँटेल किंवा फेनबेंडाझोल. कुत्रीच्या पोटांत असतांनाच पिलांना तिच्यापासून गोलकृमि होतात, आणि दुधांतूनहि येतात. म्हणून कुत्र्याच्या पिलांना दोन आठवड्यांचीं असतांनाच पहिलें औषध देतात आणि दूध सुटेपर्यंत दर पंधरवड्यास तें चालू ठेवतात. आईलाहि त्याच वेळीं द्यावें. मांजराच्या पिलांना तिसऱ्या आठवड्यापासून देतात. मोठ्या जनावरांना निदान दर तीन महिन्यांनीं. आणि हें लक्षांत ठेवावें कीं, ही गोळी आज पोटांत असलेल्या जंतांना मारते. उद्यां येणाऱ्यांना अडवीत नाहीं.

दुसरें प्रकृतिविघात, म्हणजे उरलेल्या पंचाण्णवांचा समाचार. हें काम बायकांचें, असें गृहीत धरून पुरुषमंडळी उठूं लागलीं होतीं. पण गाद्या अंगणांत नेण्यास दोन माणसें लागतात, आणि कपाटें सरकविण्यास चार. पाऊस उघडतांच घरांतल्या सर्व गोधड्या, चादरी, वाघ्याचें गोणपाट उकळत्या पाण्यांत घालून धुतलें आणि कडक उन्हांत वाळविलें. कोरड्या उन्हांत अंडीं व अळ्या टिकत नाहींत. दमटपणा हाच त्यांचा प्राण. जुनें गोणपाट जाळून टाकलें आणि वाघ्याला दर आठवड्यास धुतां येईल अशी जाड सुती चादर केली. पडवीच्या भेगा बुजवून ती नव्यानें सारवली. फरशीच्या सांध्यांतून, पलंगाखालून, पेटाऱ्यांच्या मागून रोज केर काढावयाचा आणि तो अंगणांत न फेंकतां जाळावयाचा. ज्यांच्या घरीं धूळ ओढणारें यंत्र आहे त्यांनीं तें जरूर फिरवावें. त्याच्या हादऱ्यानें कोशांतल्या पिसवाहि बाहेर येतात आणि औषध लावलेल्या जनावराच्या अंगावर जाऊन मरतात. मात्र यंत्राची पिशवी लगेच घराबाहेर रिकामी करावी.

पांचव्या आठवड्यांत मोठी निराशा झाली. इतकें करूनहि पडवींत पुन्हां पिसवा दिसूं लागल्या. भावजी म्हणाले, "औषध खोटें आहे." परंतु डॉक्टरांनीं हें आधींच सांगून ठेवलें होतें. कोशाच्या आंत कोणतेंहि औषध पोहोंचत नाहीं. त्यांतल्या पिसवा आपल्या वेळेनें बाहेर यावयाच्याच. बाहेर आल्या म्हणजे त्यांना अंडीं घालण्यापूर्वीं औषध लावलेलें जनावर भेटलें पाहिजे. म्हणून औषधाची पुढली तारीख एक दिवसहि चुकवावयाची नाहीं. पुष्कळ घरांतून याच ठिकाणीं धीर सुटतो, आणि मग दोष औषधाला मिळतो.

तिसरें निदानपरिवर्जन, तेंच सर्वांत अवघड, कारण त्यांत उपकरण लागत नाहीं, संवय लागते. कुत्र्याच्या गोलकृमीचीं अंडीं विष्ठेंतून पडतांक्षणीं घातक नसतात. मातींत दोन ते चार आठवडे राहिल्यावर तीं घातक होतात आणि मग वर्षानुवर्षें तशींच राहतात. मातींत खेळणाऱ्या मुलाच्या तोंडावाटे तीं गेलीं तर त्यांतले कृमि माणसाच्या आंतड्यांत वाढत नाहींत, पण त्यांच्या अळ्या शरीरभर भटकतात. यकृतांत जातात, क्वचित् डोळ्यांत जाऊन दृष्टीहि घालवितात. अंकुशकृमीची अळी ओल्या मातींतून अनवाणी पायाच्या कातडींत शिरते आणि तेथें नागमोडी, खाजरी रेघ उठते. आमच्या घरीं मांसाचा प्रवेश नाहीं, परंतु वाघ्याची बाजारांतल्या खाटकाशीं जुनी ओळख आहे. आणि मेंढराचीं कच्चीं आंतडींकाळीज खाणाऱ्या कुत्र्याच्या पोटांत एक निराळाच बारीक पट्टकृमि होतो, ज्याचीं अंडीं माणसाच्या पोटांत गेल्यास यकृतांत वा फुप्फुसांत पाण्याच्या गांठी वर्षानुवर्षें वाढत राहतात. हीं अंडीं तर पडतांक्षणींच घातक असतात. म्हणून कुत्र्याला मोकाट सोडूं नये, आणि त्याला हात लावल्यावर साबणानें हात धुतल्याखेरीज कोणीहि ताटावर बसूं नये.

आपल्या घरांतील जुन्या रीतींत यांतलें बरेंच आहे. बाहेरून आल्यावर हातपाय धुणें, स्वयंपाकघरांत जनावर न येऊं देणें, अंथरुणें उन्हांत घालणें या रीती चांगल्याच. परंतु सोवळें स्पर्श मोजतें, दिवस मोजीत नाहीं. कुत्र्याची विष्ठा ओंगळ म्हणून आपण तिच्यापासून दूर होतों, आणि ती तेथेंच राहते. तीच पुढें पंधरा दिवसांनीं, दिसेनाशी झाल्यावर, खरी घातक होते. तेव्हां शुचितेचा अर्थ येथें दूर होणें असा नसून रोजच्या रोज उचलणें असा आहे.

उचलावें कोणी? कामाला येणाऱ्या बाईकडे हें काम द्यावें, अशी सूचना आली. ती सासूबाईंनींच मोडून काढली. "कुत्रा आपला, घाणहि आपलीच," एवढेंच त्या म्हणाल्या. मोठ्या पुतण्यानें तें अंगावर घेतलें. पण परीक्षा आली, झोंप आली, एक दिवस राहिलें, दोन दिवस राहिले. एके दिवशीं पहाटे मीं पाहिलें तों मामंजी स्वतः फावडें घेऊन अंगणांत फिरत होते. विहिरीपासून आणि भाजीच्या वाफ्यांपासून दूर त्यांनीं एक खोल खड्डा खणविला आहे, आणि त्या दिवसापासून तें काम त्यांनीं कोणाकडे दिलेलें नाहीं. वाघ्याला खाडीपार सोडावयास सांगणारे तेच, याचा उल्लेख घरांत कोणी करीत नाहीं.

मार्गशीर्षांत तीन महिने झाले. धाकट्या जावेनें स्वतः फणी घेतली, स्वतः फडकें ओलें केलें, आणि वाघ्याला व दोन्ही मांजरांना विंचरून तें फडकें उजेडांत नेऊन पाहिलें. तें पांढरें होतें. ती कांहीं बोलली नाहीं; फडकें धुऊन दोरीवर टाकलें. थंडीच्या कोरड्या दिवसांत पिसवा कमीच असतात, तेव्हां खरी परीक्षा पुढल्या पावसाळ्यांत, हें डॉक्टरांनीं बजावलेलें होतें. त्या श्रावणांत मनीच्या फडक्यावर दोन डाग उमटले. त्या वेळीं मात्र सभा भरली नाहीं. गोधड्या उकळल्या गेल्या, औषध लागलें, आणि पंधरा दिवसांत फडकें पुन्हां पांढरें झालें.

या सर्वांतून मला जें दिसलें तें असें कीं, एकत्र कुटुंबांत पाळलेलें जनावर सर्वांचें असतें, आणि म्हणूनच त्याचें औषध कोणाचेंच नसतें. भाकरी घालणारे हात दहा, तारीख लक्षांत ठेवणारा एकहि नाहीं. आम्हीं आतां भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत दुधाच्या हिशेबाशेजारींच पिसवांच्या औषधाचा व जंतांच्या गोळीचा दिवस लिहितों आणि पुढें करणाऱ्याचें नांव घालतों. मुलगी थोर कीं कुत्रा थोर, हा प्रश्न त्यानंतर आमच्या घरीं कोणाला विचारावा लागलेला नाहीं. आणि माझी अशी समजूत झाली आहे कीं, बहुतेक घरांत तो प्रश्न विचारण्याची वेळ येते ती प्रेम कमी म्हणून नव्हे, तारीख चुकते म्हणून.

ज्या भगिनींच्या घरीं कुत्रें किंवा मांजर आहे त्यांनीं आज दुपारीं कामें आटोपल्यावर एक बारीक फणी घ्यावी, एक पांढरें फडकें ओलें करावें, आणि जनावराच्या शेपटीच्या मुळाशीं चार वेळां फणी फिरवून पाहावें. फडकें पांढरें राहिलें तर आनंदच आहे. तांबडें झालें तर जनावरावर रागावूं नये. गोधड्या उचलावयास घरांतल्या सर्वांना हांक मारावी.